चालंल ना, साहेब?

«ताई, भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. हाताखाली 26 माणसं. मागच्या वर्षी कंपनीने लीडरशिप ट्रेनिंगला पाठवलं, तेव्हापासून रोज शिफ्टच्या आधी दहा मिनिटं मीटिंग घेतो. 'अडचण असेल तर बिनधास्त बोला' म्हणतो. सूचनापेटीही लावली. कुणी तोंड उघडत नाही. गेल्या महिन्यात कस्टमरकडून 340 हाउसिंग (धातूचे पोकळ भाग) परत आले, बोअरमध्ये टेपर, म्हणजे आतलं भोक एका टोकाला निमुळतं. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, झिजला होता आणि मला एकानेही सांगितलं नाही. (आमचे जुने ऑपरेटर आहेत, सगळे मामा म्हणतात. त्यांनी 'चालंल ना साहेब अजून?' एवढं विचारलं होतं, पण माल न्यायला गाडी येऊन उभी होती, मी चालेल म्हणालो.) वरून दबाव आला, ऑपरेटरला मेमो द्यावा लागला. टीमने मोकळं बोलावं म्हणून मीटिंगमध्ये काय बदलू?»

तुमचं पत्र चार पानी होतं, इथे थोडक्यात दिलं आहे. चार पानांत मामा फक्त एकदाच येतात, तेही कंसात. मी त्या कंसातच अडकले.

एकानेही सांगितलं नाही, असं तुम्ही लिहिता. पुढच्याच ओळीत मामांनी सांगितलंय. 'चालंल ना साहेब अजून?' यातला 'ना' तुम्हाला ऐकू आला नाही. ज्याने हयात मशिनवर काढली, त्याला इन्सर्टची धार गेलेली आवाजावरून कळते, निघणाऱ्या चिपवरून कळते. त्याला तुमच्याकडून माहिती नको होती. तो तुम्हाला थांबवत होता. आपल्याकडे हाताखालचा माणूस 'हे चुकतंय' असं वरच्याला तोंडावर म्हणत नाही. सून सासूला 'मीठ जास्त पडलंय' म्हणत नाही, 'मीठ बरोबर आहे ना, बघता का जरा?' म्हणते. मराठीत धोक्याचा इशारा बऱ्याचदा प्रश्नाचे कपडे घालून येतो, आणि तो ओळखणं हे वरच्या माणसाचं काम आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएम या डच कंपनीच्या जंबो विमानाने परवानगी मिळण्याआधीच धावायला सुरुवात केली. पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं दुसरं जंबो त्याच धावपट्टीवर होतं. 'धावपट्टी मोकळी केली की कळवतो' हे पॅन ॲमचं बोलणं रेडिओवर आलं आणि ते ऐकून केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, तो अजून बाहेर पडला नाही का? कॅप्टनला नीट ऐकू आलं नाही, म्हणून इंजिनिअरने पुन्हा तेच विचारलं. कॅप्टन ठासून म्हणाला, पडलाय की. हा कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ प्रशिक्षक, कंपनीच्या जाहिरातीत त्याचा फोटो असायचा. इंजिनिअर गप्प बसला. काही सेकंदांत दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली, 583 माणसं गेली. त्याने विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं. अशा अपघातांनंतर, 1979 मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेपासून, वैमानिकांचं शिक्षणच बदलत गेलं: कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत कशी मांडायची आणि कॅप्टनने ती कशी ऐकायची, हे विमान चालवण्याइतकंच महत्त्वाचं मानून शिकवलं जाऊ लागलं.

तुमच्या शेडमध्ये जीव गेला नाही, 340 जॉब गेले. पण त्यानंतर तुम्ही जे केलंत त्याचा मला खरंच राग आला आहे. विचारलं मामांनी, 'चालेल' म्हणालात तुम्ही, आणि मेमो गेला मामांना. 'ऑपरेटरला मेमो द्यावा लागला' असं लिहून तुम्ही त्यांचं नावही त्या वाक्यातून काढून टाकलंत. बाकीच्या 25 जणांनी हे पाहिलंय. विचारलं तर काय होतं, हे त्यांना आता पक्कं ठाऊक आहे. अशा माणसांसमोर रोज सकाळी 'बिनधास्त बोला' म्हटल्यावर ते खाली बघणार नाहीत तर काय करतील? मी त्यांच्या जागी असते तर मीही खालीच बघितलं असतं.

वरचा दबाव मला समजतो. लॉट परत आला की साहेबाला कुणाचं तरी नाव हवं असतं. ते नाव तुमचं होतं.

मीटिंगमध्ये काय बदलायचं ते आज सांगणार नाही. आधी एक काम करा. मामांच्या मशिनवर जा. केबिनमध्ये बोलावू नका, बाजूला घेऊ नका, चहा पाजत बसू नका. शिफ्ट बदलताना दोन्ही शिफ्टची माणसं तिथे असतात, तेव्हाच जा आणि चार माणसांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणा, "मामा, तुम्ही मला विचारलं होतं. मी चालेल म्हणालो. चूक माझी होती." त्यापुढे 'पण' लावू नका. गाडी येऊन उभी होती हे त्यांना माहीत आहे, तेव्हा तेही तिथेच उभे होते.

मामा बहुतेक 'असू द्या साहेब' म्हणतील. त्यावर तुम्ही सुटलात असं समजू नका. मामांकडे जाण्याआधीच एचआरकडे जाऊन मेमो मागे घेतल्याचं लेखी पत्र करून घ्या. त्यात कारण लिहा: काम चालू ठेवण्याची सूचना मी दिली होती. खाली तुमची सही. वरचे विचारतील, तेव्हा हेच वाक्य त्यांनाही सांगा. त्याची प्रत मामांच्या हातात द्या. मेमो घरी दाखवताना त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. हे पत्रही त्यांना घरी दाखवता आलं पाहिजे.

या आठवड्यात त्यांची सेकंड शिफ्ट असेल तर शिफ्ट लागायच्या पाच मिनिटं आधी पोचा. आणि ते पत्र सोबत घेऊनच जा.