हनुमान म्हणजे 'मान हनन केलेला' नव्हे

प्रश्न असा आलाय की हनुमान म्हणजे ज्याने मान म्हणजे अहंकार मारला तो, असा फॉरवर्ड फिरतोय, ते खरंय का, आणि मग हनुमंत नि मारुती कुठून आले.

फॉरवर्डमधला अर्थ भक्तीला छान आहे पण व्याकरणात बसत नाही. मूळ शब्द हनुमत्. हनु म्हणजे जबडा, आपल्या हनुवटीतला हनु तोच, आणि मत् म्हणजे 'असलेला'. वाल्मीकी रामायणात किष्किंधाकांडात जांबवान स्वतः त्याला सांगतो की लहानपणी तू सूर्याकडे झेपावलास, इंद्राने वज्र मारलं, डावी हनु मोडली म्हणून तुझं हे नाव पडलं. 'मान' हा वेगळा शब्द असता तर तो सगळ्या विभक्तींत दिसला असता ना, पण आपण जप करतो तो 'हनुमते नमः' असा, त्यात मान कुठंय? तो 'मान्' फक्त प्रथमेच्या एकवचनात येतो, आणि पुढं 'हनुमन्तौ, हनुमन्तः' चालतं त्यातला 'मंत' मराठीने उचलला, जसं श्रीमान-श्रीमंत, भगवान-भगवंत. सातारा-सोलापूरकडं त्याचाच हणमंत होतो.

मारुती मात्र बापावरून आलेलं नाव. मारुत म्हणजे वारा, त्याचा मुलगा मारुति, दशरथाचा दाशरथि तसंच. भीमसुद्धा वायुपुत्र, म्हणून महाभारतात त्यालाही मारुति म्हटलंय. आईवरून आंजनेय, आपल्या नाशिकच्या त्र्यंबक रोडवरचं अंजनेरी तिच्याच नावाचं.

आता वापराचं बघा, मला यातच जास्त गोडी वाटते. मराठीत देऊळ मारुतीचं पण जयंती हनुमानाची. गोदेला पूर आला की सगळं नाशिक विचारतं दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, तिथं 'दुतोंड्या हनुमान' कुणाच्या तोंडी येणारच नाही. न संपणाऱ्या कामालाही आपण मारुतीचं शेपूटच म्हणतो. समर्थांनी, ज्यांनी आपल्या टाकळीला तप केलं, त्यांनी भीमरूपी स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत 'वज्रहनुमान मारुती' अशी दोन्ही नावं शेजारी ठेवलीत आणि वज्र नि हनु यांची गाठही तिथंच घातलीय.

मुलाचं नाव ठेवायचं असेल तर दोन्ही बिनधास्त ठेवा, मला स्वतःला मारुती जास्त आपलं वाटतं. फक्त लिहिताना सुटं असलं की मारुती दीर्घ, आणि समासात पहिलं पद झालं की ऱ्हस्व, म्हणजे मारुतिराय, मारुतिस्तोत्र.