आईच्या एमआरआयमध्ये दोन सेंटीमीटरचा मेनिंजिओमा दिसला, त्रास काहीच नाही. ऑपरेशन करावंच लागेल का?

बहुधा नाही. आईंचं वय ६८, त्रास काही नाही आणि गाठीभोवती सूज नाही असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी ऑपरेशन न करता गाठीवर नजर ठेवतात, आणि हा टाळाटाळीचा नव्हे, मान्य मार्ग आहे. मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणातून उगवतो, बहुतेकदा ग्रेड १ चा, म्हणजे सर्वांत सौम्य प्रकारचा असतो आणि हळू वाढतो. काही तर वर्षानुवर्षं तेवढेच राहतात. युरोपियन असोसिएशन ऑफ न्यूरो-ऑन्कोलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दुसरा एमआरआय सहा महिन्यांनी, मग पाच वर्षं दरवर्षी, त्यानंतर दोन वर्षांतून एकदा. आत्ताची सीडी नीट जपा, कारण पुढची तुलना नुसत्या रिपोर्टशी नाही, मूळ चित्रांशी करायची असते.

बेत बदलतो तो यामुळे:
- गाठ वाढतेय, फिट आली, किंवा हातापायातली ताकद कमी झाली: ऑपरेशनचा विचार.
- गाठ लहान, पण कवटीच्या तळाशी अवघड जागी आणि वाढणारी: गॅमा नाइफसारखी रेडिओसर्जरी, म्हणजे चिरफाड न करता गाठीवर नेमका किरणांचा मारा.

मात्र हे सगळं गाठ खरंच मेनिंजिओमा आहे हे धरून. नुसत्या एमआरआयवरचं निदान हा अंदाज असतो, पक्कं निदान गाठीचा तुकडा तपासल्यावरच होतं. रिपोर्टमध्ये ग्लायोमाची (मेंदूतल्याच पेशींपासून होणाऱ्या वेगळ्या गाठीची) शंका असेल, किंवा गाठ डोळ्याच्या नसेला टेकलेली असेल, तर सहा महिने थांबू नका. याच आठवड्यात न्यूरोसर्जनना दाखवा.