रद्दीवाला येऊन जायच्या आत

पत्र इंदूरच्या राजेंद्रनगरहून आलंय. मुलगा सव्वीस-सत्तावीसचा असावा, विजयनगरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पत्र चार पानी आहे, मी कामापुरतं देते.

"मावशी, तीन आठवडे झाले. आमचा एक क्लायंट नमकीनचा होलसेलवाला, त्यांचं ऑर्डर पोर्टल आम्ही सांभाळतो. देवासच्या एका डिस्ट्रिब्युटरचं डिस्काउंट बदलायचं होतं. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, तीन ओळींची, घाईत वरच्या दोनच ओळी सिलेक्ट झाल्या आणि मी रन केलं. व्हेअर (कुणाचं बदलायचं ती अट) तिसऱ्या ओळीत होतं. खाली आलं, २३४० रो अफेक्टेड, म्हणजे २३४० नोंदी बदलल्या. मी विंडो बंद केली आणि चहाला गेलो. चार तासांनी क्लायंटचा फोन आला की सगळ्यांचे रेट चुकतायत. काय झालंय कुणालाच कळेना म्हणून सरांनी आदल्या रात्रीचा पूर्ण बॅकअप टाकला, त्यात सकाळपासूनच्या सगळ्या ऑर्डरी गेल्या. आम्ही पाच जण एकाच ॲडमिन लॉगिनने जातो. त्या वेळेला एक ट्रेनी मुलगी रिपोर्ट काढत होती, सर म्हणाले 'इसी ने कुछ दबा दिया होगा', आणि तिचं प्रोबेशन तीन महिने वाढवलं. ती खंडव्याची आहे, पीजीत राहते, शनिवारी घरी जाते, रविवारी रात्री परत येते. माझ्या समोरच बसते, काही बोलत नाही. मला पुण्याहून इंटरव्ह्यू आलाय. गुपचूप निघून जाऊ का? लॅपटॉपमध्ये क्वेरीची हिस्टरी आहे, ती पुसून टाकू का? बाबांना सांगितलं तर म्हणतील, बँकेची परीक्षा दे म्हटलं होतं. रात्री झोप लागत नाही."

अरे बाळा, सगळ्यात आधी ती हिस्टरी. पुसू नकोस. हात पण लावू नकोस, कॉपी काढून ठेव. का ते पुढे सांगते.

तू म्हणशील मावशीला काय कळतंय यातलं. तर ऐक. १९९२ साली मी एका कॉम्प्युटर सेंटरवर कामाला होते, कापड मार्केटातल्या पेढ्यांचे हिशेब आम्ही फॉक्सबेस नावाच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये घालून द्यायचो. त्यात झॅप नावाची एक कमांड असते, दाबली की अख्खी फाईल रिकामी, परत काही मिळत नाही. आधी ती विचारायची, खरंच पुसू का, वाय की एन. दिवसातून वीस वेळा टेम्पररी फाईल रिकामी करावी लागायची आणि त्या वाय-एनचा मला असा काही कंटाळा आला होता की मी सेट सेफ्टी ऑफ लिहून तो प्रश्नच बंद करून टाकला. मार्चचा पहिला आठवडा, गुरुवार, सगळ्या पेढ्यांची ३१ मार्चची गडबड. मला पुसायची होती टेम्पररी फाईल, पण समोर उघडी होती एका पेढीच्या विक्रीची मेन फाईल, आणि मी झॅप मारलं. एका सेकंदात दिवाळीपासूनचा हिशेब साफ. बॅकअप चार फ्लॉप्यांवर होता, तिसरी फ्लॉपी वाचेचना. घरी एक जुनी कॉपी सापडली, तिच्यात शेवटचे अकरा दिवस नव्हते.

मग मी काय केलं? तेच, जे तू केलंस. त्या आठवड्यात मायकलअँजेलो व्हायरसची जगभर हवा होती, सहा मार्चला सगळे कॉम्प्युटर बसणार म्हणून पेपरात छापून येत होतं, मी म्हटलं व्हायरस आलाय, दोन दिवस लागतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस मी घशाखाली घास न उतरता त्या तिसऱ्या फ्लॉपीला फुंकर मारत बसले होते.

रविवारी मार्केट बंद, सोमवारी सकाळी पेढीवर गेले आणि मुनीमजींना सगळं खरं सांगितलं. रागावले नाहीत. नुसते भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिले. तिथे एक तार लटकायची, रोजच्या विक्रीच्या परच्या त्यात ओवून ठेवायचे, आणि ती तार रिकामी होती. हिशेब कॉम्प्युटरात गेलाय असं धरून त्यांनी शनिवारी सगळ्या परच्या रद्दीवाल्याला देऊन टाकल्या होत्या. म्हणाले, "बेटी, गुरुवार को बोल देती तो परची तार में ही थी." बस, एवढंच. मग आम्ही दोघं नऊ दिवस मार्केटात दुकानोदुकानी फिरलो, तुमच्याकडे आमचा कुठला माल आला, किती थान, कुठल्या भावाने, सगळं विचारून विचारून लिहिलं. शेठने माझा अर्धा पगार कापला तो वेगळाच.

आता तुझं बघू. व्हेअर राहिलं ही चूक तुझ्या लाईनीत जवळपास सगळ्यांनी कधी ना कधी केलेली असते, तिच्यावरून मी तुला काही बोलणार नाही. (खरं तर एक बोलणार आहे. तू मायएसक्यूएल डेटाबेसचं वर्कबेंच हे टूल वापरतोस असं पत्रात आहे. वर्कबेंचमध्ये सेफ अपडेट्स हे आपोआप चालूच असतं, व्हेअर नसलेला अपडेट ते चालूच देत नाही, एरर ११७५ म्हणून तोंडावर फेकतं. म्हणजे त्या एररला वैतागून तू ते कधीतरी बंद केलंयस आणि हे पत्रात लिहिलं नाहीस. असू दे, मी पण वाय-एनला वैतागले होते. काळ्या स्क्रीनवरून मायएसक्यूएल चालवताना हीच सेफ्टी लावायचा जो ऑप्शन आहे ना, त्याचं बनवणाऱ्यांनी दुसरं नाव 'आय ॲम अ डमी' असं ठेवलंय, खरंच. मी असते तर टेबलावर चिकटवून ठेवलं असतं.)

पण २३४० रो अफेक्टेड हे वाचलंस आणि चहाला गेलास, तिथे थांबून जरा हिशेब कर. त्याच मिनिटाला ओरडला असतास की डिस्काउंटचा कॉलम उडालाय, तर काय करायचं होतं? रात्रीचा बॅकअप बाजूला दुसऱ्या डेटाबेसमध्ये उघडायचा, तेवढा एक कॉलम तिथून उचलून आणायचा. ऑर्डरींना धक्का लागायचं कारणच नव्हतं. सकाळपासून कुणाचं डिस्काउंट बदललं असेल तर ते बिनलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसमधला प्रत्येक बदल टिपणाऱ्या वहीत, बघता आलं असतं, मायएसक्यूएल ८ असेल तर तो मुद्दाम बंद केल्याशिवाय चालूच असतो. फार तर तासाभराचं काम. सरांनी पूर्ण बॅकअप टाकला कारण नेमकं काय बिघडलंय हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि माहीत असलेला एकमेव माणूस खाली टपरीवर कट चहा घेत उभा होता. ऑर्डरी क्वेरीने नाही गेल्या रे, त्या या चार तासांत गेल्या.

आणि आता रद्दीवाला पुन्हा फिरतोय. बिनलॉग आपोआप ३० दिवस राहतो, तुमच्या सर्व्हरवर कुणी आकडा कमी केला असेल तर त्याहून कमी. तीन आठवडे गेलेत. तुझ्या लॅपटॉपमधली हिस्टरी तू स्वतःच पुसायला निघालायस. या दोन्ही गोष्टी गेल्या की त्या मुलीकडे स्वतःच्या बाजूने दाखवायला काहीसुद्धा उरत नाही, आणि तूही नंतर कधी तोंड उघडलंस तरी लोक म्हणतील की पोरीवर दया आली म्हणून बोलतोय. म्हणून म्हटलं कॉपी काढ.

मोठ्या कंपन्यांतही हेच होतं. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा थकलेल्या डोक्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाची डिरेक्टरी उडवली, थांबवेपर्यंत ३०० जीबीमधले साडेचारच उरले होते. मग बॅकअप काढायला गेले तर पाच वेगवेगळ्या सोयी, आणि एकही धड चालू नाही. वाचले ते त्याच इंजिनिअरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेल्या एका कॉपीमुळे. कंपनीने सगळं उघड लिहिलं, दुरुस्ती यूट्यूबवर लाईव्ह दाखवली, त्या माणसाची नोकरी गेली नाही. त्यानंतर महिन्याच्या आत, २८ फेब्रुवारीला, कितीतरी वेबसाइट ज्यांच्या सर्व्हरवर चालतात त्या अमेझॉनच्या एकाने थोडे सर्व्हर काढायच्या कमांडमध्ये एक इनपुट चुकीचं टाकलं आणि अर्धं इंटरनेट चारेक तास लंगडत होतं. त्यांनी काय बदललं, तर ते टूल. आता ते सर्व्हर हळूहळू काढतं आणि एका मर्यादेच्या खाली जाऊच देत नाही. पण हे बघ, टूल तेव्हाच बदलता येतं जेव्हा काय घडलं ते माहीत असतं. तुमच्या ऑफिसात आज सगळे असं समजून बसलेत की ट्रेनीला आवरलं की झालं, आणि ते एकच ॲडमिन लॉगिन अजून पाच जण वापरतायत.

गुपचूप पुण्याला गेलास तर? पकडला जाशील का मला माहीत नाही, बहुतेक नाही जाणार. पण तिथेही कधीतरी रात्री अकराला प्रॉडक्शनवर, म्हणजे क्लायंटच्या चालू डेटावर, बसायची वेळ येणार, आणि तुझा हात काय शिकलाय, तर विंडो बंद करायची आणि चहाला जायचं. मला काळजी त्या हाताची आहे.

तर आता काय करायचं. आधी त्या मुलीला सांगायचं. सरांना नाही, तिला. सरांकडून कळलं तर तिला वाटेल तू तिथे तुझी सोय बघायला गेला होतास. फार लांबण लावू नकोस, रडू नकोस, तुझी झोप उडाली वगैरे तर अजिबात सांगू नकोस, तिचीही उडालीच असेल. "वो मैंने किया था, कल सुबह सर को लिखके दे रहा हूँ, तुम्हारा नाम उसमें साफ कर रहा हूँ," एवढं बोल आणि ती जे काय बोलेल ते ऐकून घे. तिने माफ करावं अशी अपेक्षा ठेवून जाऊ नकोस. तीन आठवडे ती मान खाली घालून तुझ्यासमोर बसलीये.

मग सरांना मेल, आणि मेल गेला की लगेच केबिनमध्ये. मेल आधी यासाठी की केबिनमध्ये माणूस गुळमुळीत बोलतो, 'कदाचित माझ्याकडून झालं असेल' असलं काहीतरी. मेलमध्ये तारीख, वेळ, क्वेरी जशी होती तशी, किती रो, तू चार तास बोलला नाहीस हे, आणि त्या वेळी ट्रेनीचा यात काही संबंध नव्हता हे सरळ वाक्यात. हिस्टरीची फाईल जोड. क्लायंटला काय सांगायचं ते सरांचं काम, त्यात तू पडू नकोस. तिचं प्रोबेशन परत आधीसारखं करा ही मागणी मात्र नाव घेऊन लिहायची, आणि दोन दिवसांनी एचआरला विचारायचं की झालं का.

सामायिक लॉगिनचं, प्रत्येकाला प्रॉडक्शनवर लिहायची परवानगी का आहे याचं, ते सगळं बरोबर आहे, पण पहिल्या मेलमध्ये नको. तिथे लिहिलंस की बहाणा वाटेल. आठवड्याने वेगळा मेल कर: ज्याचं त्याचं लॉगिन, सेफ अपडेट्स सगळ्यांकडे चालू, आधी सिलेक्ट मारून रो मोजायचे, मग स्टार्ट ट्रान्झॅक्शन, मग अपडेट, आकडा जुळला तरच कमिट, म्हणजे बदल पक्का. आणि प्रॉडक्शनची विंडो लाल रंगाची ठेवा म्हणावं, फुकटात होतं.

काय होईल? मी खोटा दिलासा देणार नाही. इन्क्रिमेंट जाईल, सर महिनाभर टोमणे मारतील, कदाचित राजीनामा पण मागतील, छोट्या कंपनीत मालकाचा मूड कसा असेल सांगता येत नाही. माझा अर्धा पगार गेला होता आणि तेव्हा तो अर्धा पगार म्हणजे घरभाडं होतं.

बाबांचं म्हणशील तर मेल पाठवून झाल्यावर सांग, आधी नको, नाहीतर घरातच अपील कोर्ट भरेल. आईला आधी सांग. आणि बँकेचं ते बोलणारच, बोलू दे. बँकेतल्या कुणाला तरी विचारा म्हणावं, एंट्री चुकल्यावर रात्री नऊ-नऊपर्यंत बसून टॅली करणारी माणसं तिथे काय कमी आहेत.

पुण्याचा इंटरव्ह्यू दे की, कुणी नको म्हटलंय. पण हे उरकल्यावर. तिथे विचारतीलच की मोठी चूक कुठली केलीत, तर हीच सांग, चार तासांसकट. ऐकून समोरचा तोंड वाकडं करेल किंवा हसून स्वतःची एक सांगेल, त्यावरून तुला तिथे जायचं की नाही ते कळेल. त्यांना उलट विचार की तुमच्याकडे प्रॉडक्शनवर कोण कोण लिहू शकतं आणि बॅकअप शेवटचा कधी उघडून बघितला होता.

हे शनिवारी सकाळी छापून येईल. रविवारी रात्री ती खंडव्याहून परत येते असं तूच लिहिलंयस. उतरायच्या वेळेला स्टँडवर जाऊन उभा राहू नकोस, बिचारी घाबरेल. पीजीवर पोचली की फोन कर.