कॅल्शियम वाढत नाही? मॅग्नेशियम किती आहे ते बघा

तुमच्या समुद्री प्रवाळाच्या टाकीबद्दल वाचलं आणि माझी जुनी टाकीच डोळ्यासमोर आली. कॅल्शियम ३५० (पीपीएम, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम), केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ६, रोज दोन्ही घालताय तरी आकडा हलत नाही, वर हीटरवर पांढरा थर. इथे बेळगावात बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर बसतो ना, अगदी तसाच. नखाने खरवडला की खरखरीत लागतो. आरओचं पाणी आणि पाण्याचा खारटपणा हजारी ३५ हे तुम्ही सांभाळताच, असं धरून चालतो.

मॅग्नेशियमचं काय? ते लिहिलंच नाही तुम्ही. मीही आठ महिने बघितलं नव्हतं. सामान घ्यायचो त्या दुकानात दोनदा विचारलं. "मिठात असतंय की ते, कशाला तपासताय?" म्हणाले आणि कॅल्शियमचा आणखी एक डबा दिला. एका रविवारी वैतागून केएच एका दमात ९ वर न्यायचं ठरवलं. खायचा सोडा भाजून ठेवला होता, तो विरघळवून सगळा संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) ओतला. पाच मिनिटांत पाणी ताकासारखं पांढरं. संध्याकाळी केएच साडेसहा, कॅल्शियम आधीपेक्षाही खाली. पंप जाम झाला आणि दोन वर्षं जपलेलं प्रवाळ गेलं. त्याचं अजून वाईट वाटतं.

मग मॅग्नेशियम मोजलं तर १०५०. समुद्रात ते १३०० च्या आसपास असतं. कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक वाढायला तेच आडकाठी करतं. ते कमी पडलं की तुम्ही घातलेलं प्रवाळाला मिळायच्या आत हीटरवर जाऊन बसतं.

म्हणून आकडे वर ढकलणं आजच थांबवा, रोजचा खप भरेल एवढंच घाला. आधी मॅग्नेशियम १३०० वर आणा, दिवसाला १०० पेक्षा जास्त नको. मग केएच दिवसाला अर्ध्या अंकाने वाढवा. कॅल्शियम आणि सोडा एकाच जागी, एकाच वेळी कधीच नाही.

पुढे कॅल्शियम आणि केएच भरायला चुन्याची निवळी वापरणार असाल तर झाकून ठेवा, हवेने वर साय धरते. पानाचा चुना मात्र नको, त्यात काय मिसळलंय कळत नाही. आणि पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या की खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरतो; तेव्हा सोडा ओतू नका, खिडकी उघडा.

मी काही रसायनशास्त्र शिकलेलो नाही, हा माझ्या ३०० लिटरच्या टाकीचा अनुभव. पाणी तपासायच्या किटची मुदत बघून मॅग्नेशियम मोजा आणि आकडा कळवा, मग किती घालायचं ते मिळून काढू.