कोकणातल्या कोर्टात स्टेनो व्हायचं आहे, पण बोललेलं आपोआप टाइप होऊ लागल्यावर ही नोकरी राहील का?

तुम्ही विचारलंय की पदवी झाली आहे, कुडाळला शॉर्टहँडचा क्लास लावायचा आहे, पण आता मोबाइलसुद्धा मराठी ऐकून टाइप करतो, तर एवढी मेहनत वाया जाईल का. माझ्या मते वाया जाणार नाही. मात्र फक्त वेग कमवायला जाणार असाल तर थोडं थांबून विचार करा. मी कोकणातल्या न्यायालयांत लघुलेखक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. त्या अनुभवावरून सांगते.

परदेशी कोर्टांच्या व्हिडिओत स्टेनोसमोर दिसणारी थोड्या बटणांची मशीन अमेरिकेतली. तिथला कोर्ट रिपोर्टर शब्दन् शब्द उतरवतो आणि प्रमाणपत्रासाठी मिनिटाला २२५ शब्दांपर्यंतची चाचणी देतो. आपल्याकडे पद्धत वेगळी आहे. वकील विचारतात, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश ते उत्तर साक्षीदाराच्या तोंडचं वाक्य करून सांगतात आणि आपण ते तिथल्या तिथे संगणकावर घेतो. सत्र खटल्यात साक्ष साधारणपणे अशी निवेदनाच्या रूपात घ्यावी, असं कायद्यातच आहे. म्हणून उलटतपासणीचे कागद 'हे म्हणणे खरे नाही की' या शब्दांनी भरलेले असतात.

आता एक प्रसंग. बांधाचा दावा होता, म्हणजे जमिनीच्या हद्दीवरच्या गडग्याचा, दगडी कुंपणाचा. पिंजऱ्यात एक वयस्क बाई. वकिलांनी विचारलं, "गडगा तुम्हीच सरकवलात ना?" बाई उसळून म्हणाल्या, "होय तर! मीच हलवलंय गडगो, राती येवन!" सगळ्या कोर्टाला कळलं की बाई रागाने नाकारताहेत. साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी सांगितलं, 'हे म्हणणे खरे नाही की, मी वादातील गडगा हलवला.' मी तसंच टाइप केलं. शब्द ऐकून लिहिणाऱ्या यंत्राने तिथे 'होय, मीच हलवला' असं लिहिलं असतं, म्हणजे चक्क कबुली. असा दावा अपिलात वर गेला तर तिथे बाई नसतात, त्यांचा आवाज नसतो, कागद तेवढा असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गची अपिलं १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जाऊ लागली. अंतर कमी झालं, पण निकाल कागदावरूनच होणार.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. आपल्या पद्धतीत साक्षीदाराचं बोलणं दुसऱ्याच्या वाक्यात बसवलं जातं आणि त्यात काही ना काही गळतंच. पक्षकार बाहेर येऊन "मी असा बोललंच नव्हतंय" म्हणतात, ते दर वेळी खोटं नसतं. आवाजाची नोंद राहिली तर त्या बाईंचा सूरसुद्धा वरच्या कोर्टाला ऐकता येईल. म्हणून मी तंत्राच्या विरोधात अजिबात नाही. ध्वनिमुद्रण मला हवंच आहे. त्यावरून यंत्राने केलेला मजकूर कोणी न तपासता साक्ष म्हणून लागावा, हे मात्र मला मान्य नाही.

आणि तपासायला माणूस लागतोच, हे मोठ्या कोर्टांतही दिसलं. सर्वोच्च न्यायालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा यंत्राकडून युक्तिवादाचा मजकूर करून घेतला, तो महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाच्याच खटल्यात. तोही संबंधित वकिलांकडून तपासून घ्यायचं ठरलं होतं. केरळ उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून खालच्या न्यायालयांत साक्षी नोंदवायला 'अदालत एआय' हे बोललेलं टाइप करणारं साधन वापरायला सांगितलं. न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी मंजूर आहेत. तेव्हा हे आपल्याकडे येणार नाही, असं मनात धरू नका.

यात जाईल काय? निकालपत्राचं डिक्टेशन वहीवर घेऊन मग टाइप करणं, हे बरंचसं जाईल. साहेब थेट संगणकाला सांगतील. बदल आम्हीही पाहिलेत. कार्बन घालून टाइपरायटरवर काढलेल्या प्रती गेल्या, आणि २००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे साक्षीदाराची आपल्याच बाजूने होणारी पहिली तपासणी, शपथपत्रावर येऊ लागला तेव्हा टायपिंगचा मोठा भाग एका फटक्यात कमी झाला. तरी स्टेनोची खुर्ची राहिली.

कोकणात तपासणीचं काम जास्तच पडेल. जमिनीचे तुकडे इतके, की सर्व्हे नंबरच्या पुढे हिस्सा आणि त्याच्याही पुढे पोटहिस्सा. त्यातला एक आकडा चुकला की कोर्टाचा हुकूमनामा दुसऱ्याच्याच जमिनीवर जातो. साक्षीदार मालवणीत बोलतो, मंडणगड-दापोलीकडे बाणकोटीत, वकील प्रमाण मराठीत विचारतात, मध्येच इंग्रजी कलम येतं. जुलैत छपरावर पाऊस असा कोसळतो की समोरच्याचं ऐकू येत नाही, तिथे माइक काय ऐकणार? शिवाय साक्षीदार मान हलवतो, बोटाने दाखवतो, बराच वेळ गप्प राहतो. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल न्यायाधीशांना शेरा लिहिता येतो, तो आवाजावरून निघत नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वाचून दाखवणं. फौजदारी साक्ष पूर्ण झाल्यावर साक्षीदाराला वाचून दाखवावी, गरज असेल तिथे दुरुस्त करावी, हे कायद्यात पूर्वीपासून आहे. कामाच्या घाईत ते उरकलं जातं. यंत्रामुळे वेळ वाचणार असेल तर तो इथे घालवा, असं मी प्रत्येक नव्या स्टेनोला सांगेन. सावकाश, त्यांना कळेल अशा आवाजात वाचा. न शिकलेला माणूससुद्धा बरोबर चुकीच्या शब्दापाशी थांबवतो.

तर क्लास लावा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही करा. भरतीची परीक्षा अजून वेगावरच आहे, ती पार करावीच लागेल. जोडीला सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखतं वाचायला शिका, फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्यातली, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली साक्ष नोंदवण्याची कलमं वाचा. आणि क्लास सुरू व्हायच्या आधी ओरोसला जिल्हा न्यायालयात एखादी साक्ष ऐकायला जा. कोर्ट सर्वांना खुलं असतं. मागच्या बाकावर बसा, मोबाइल बंद ठेवा आणि साक्षीदार काय बोलला व साहेबांनी काय सांगितलं, यातला फरक स्वतःच्या कानांनी ऐका. तो ऐकण्यात तुमचं मन रमलं तर ही नोकरी तुमच्यासाठी आहे.