खोल खळग्याच्या तळाशी आटे पाडताना टॅपची लांबी कशी वाढवावी

आपण विचारले आहे की, सुमारे २० मिमी व्यासाच्या आणि १४० मिमी खोल खळग्याच्या तळाशी एम८ चे (८ मिमी व्यासाच्या बोल्टचे) आटे पाडायचे आहेत. तिथे टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, पोहोचत नाही, पोहोचला तरी टॅप रेंचच्या (टॅप फिरवण्याच्या पान्याच्या) दांड्या फिरत नाहीत, म्हणून टॅपला मागून लांब सळई वेल्ड करावी का. माझ्या मते वेल्डिंग शेवटचा पर्याय म्हणूनही नको. हायस्पीड स्टीलचा टॅप वेल्डच्या उष्णतेने शेजारच्या भागात ठिसूळ होतो आणि हात वळवताच बरोबर जोडापाशी तुटतो. तो तुकडा १४० मिमी खोलीतून बाहेर काढणे हे आटे पाडण्यापेक्षा कितीतरी अवघड काम असते.

प्रथम आपल्या टॅपचा मागचा चौकोन कॅलिपरने मोजावा, कारण एम८ चे हातटॅप सर्रास दोन मापांत मिळतात. एकाची शँक (मागचा गुळगुळीत दांडा) ८ मिमी आणि चौकोन ६.३ मिमी असतो, तर दुसऱ्याची शँक ६ मिमी आणि चौकोन ४.९ मिमी. पहिला प्रकार असेल तर आपले निम्मे काम झालेच आहे. पाव इंची सॉकेट सेटमधल्या एक्स्टेन्शनच्या ज्या टोकात एरवी रॅचेट बसतो, त्या टोकाच्या चौकोनी भोकात हा ६.३ मिमीचा चौकोन बसतो. एक्स्टेन्शन उलटे धरायचे, टॅप खाली आणि एक्स्टेन्शनचा बाहेर आलेला चौकोन वर. तो वरचा चौकोन साध्या टॅप रेंचच्या जबड्यात पकडता येतो. एक्स्टेन्शनचे ते टोक साधारण १२ मिमी जाडीचे असल्यामुळे आपल्या खळग्यात ते सहज उतरेल.

यात एक खोट आहे. टॅप त्या भोकात नुसता बसलेला असतो, पकडलेला नसतो. एका पंपाच्या कवचात मी हेच केले. आटे पाडून झाल्यावर टॅप उलटा फिरवून सोडवला आणि एक्स्टेन्शन वर उचलले, तर ते एकटेच वर आले. टॅप आधी तळाशी आडवा पडला आणि नंतर शेजारच्या मार्गात घरंगळला. तेव्हापासून जोडावर उष्णतेने आकसणारी नळी चढवल्याशिवाय मी टॅप आत सोडत नाही. नळीची जाडी नगण्य असते आणि तिला फिरवण्याचा जोर सहन करावा लागत नाही. तो चौकोनावरच येतो.

चौकोन ४.९ मिमी असेल तर जोड घरी करावा लागेल. १२ मिमीच्या गोल सळईच्या टोकाला लेथवर ६ मिमीचे भोक शँक घट्ट सरकेल इतपत नेमके पाडावे आणि बाजूने समोरासमोर दोन एम४ ग्रब स्क्रू (डोके नसलेले स्क्रू) असे द्यावेत, की त्यांची टोके चौकोनाच्या सपाट बाजूंवर टेकतील. सळई १२ मिमीची घेण्याचे कारण भिंतीची जाडी हे आहे: ३ मिमी भिंतीत एम४ चे चार आटे येतात, १० मिमीच्या सळईत उरलेल्या २ मिमीत तिनांपेक्षाही कमी. शिवाय पिळवटण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ६ मिमीची सळई १२ मिमीच्या सळईपेक्षा सोळा पट अधिक पिळवटते. बारीक सळईने काम होत नाही असे नाही, पण वर हात अर्धा फिरलेला असताना खाली टॅप जागचा हललेलाच नसतो, आणि मग साठलेला पीळ एकदम सुटतो. टॅप बहुधा अशाच क्षणी तुटतो.

खरी अडचण मात्र लांबीची नसून सरळपणाची आहे, आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. उथळ भोकात आपण गुण्या (काटकोन तपासण्याची पट्टी) लावून टॅप सरळ आहे की नाही ते पाहतो; खोल खळग्यात गुण्या पोहोचत नाही आणि वर दिसणारी सळई सरळ असली तरी खालचा जोड किंचित सैल असल्याने टॅप कललेला असू शकतो. यासाठी खळग्यात सरकून बसेल अशा मापाची सुमारे १५ मिमी उंचीची बुश (मार्गदर्शक कडी) तयार करून तिच्या मध्यातून ८.२ मिमीचे आरपार भोक पाडावे. बुश तळाशी टेकवून टॅप तिच्यातून घातला म्हणजे पहिले आटे सरळच पडतात. तीन-चार आटे धरले की टॅप बाहेर काढून बुशही काढावी. तिच्या माथ्यावर आधीच एक बारीक भोक ठेवले असल्यास वाकवलेल्या तारेच्या आकड्याने ती वर येते. पुढे टॅप स्वतःचा मार्ग धरतो, आणि तेव्हा जोडातला सैलपणा उलट उपयोगी पडतो.

आटे पाडण्याआधीचे भोक नेहमीच्या मापाचे, ६.८ मिमीचेच असले पाहिजे असा आग्रह मी अशा जागी धरत नाही. ७ मिमीचे भोक पाडल्यास आट्याची उंची पूर्ण उंचीच्या सुमारे ७४ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर येते. बोल्ट पुरेसा खोल बसत असेल तर एवढे आटे सहसा पुरतात आणि टॅपवरचा भार जाणवण्याइतका हलका होतो. हाताला नेमका अंदाज येत नसताना ही सवलत मोलाची आहे. भोक आरपार नसेल तर टॅपच्या खाचांत ग्रीस भरावे, म्हणजे कीस त्याला चिकटून वर येतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे हा क्रम मोडू नये आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून पुसावा. कंटाळवाणे वाटले तरी तसेच करावे.

रेंचच्या दांड्या फिरत नाहीत ही आपली दुसरी तक्रार सळई खळग्याबाहेर पुरेशी वर आणल्यावर बहुधा राहणार नाही. वरही आडवी भिंत असेल तर रॅचेटचा टी-हँडल घ्यावा. साधा उघडा पाना चौकोनाला लावून एका बाजूने ओढू नये, कारण तो टॅपला फिरवतो त्याहून अधिक वाकवतो. पानाच वापरणे भाग असेल, तर सळईच्या माथ्यावर मध्यभागी छोटा खड्डा करून त्यात टोकदार पिन टेकवावी आणि एका हाताने ती सरळ खाली दाबून धरत दुसऱ्या हाताने पाना फिरवावा.