अंडर-१७ टीम हरली की आम्ही एवढे का तापतो

तुम्ही विचारलंय की भारताची अंडर-१७ नाहीतर अंडर-२० टीम हरली की फुटबॉलवाले एवढे का खवळतात, शेवटी शाळकरी पोरंच आहेत ना ती, आणि गोव्यातल्या लोकांना याबद्दल काय वाटतं. मी फोंड्याचा. लहानपणापासून मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला जाऊन मॅच बघतोय, त्यामुळे खवळणाऱ्यांमध्ये मीपण आहे हे आधीच सांगून टाकतो.

पण हरल्याचा राग नसतो हो. म्हणजे त्या रात्रीपुरता असतो, जेवण जात नाही, बायको म्हणते टीव्ही बंद करा आता, तेवढंच. खरा राग आहे तो दर वेळी पाटी पुसून नव्याने श्रीगणेशा करण्याचा. एक स्पर्धा ठरते, देशभरातून पोरं गोळा करतात, कॅम्प लागतो, दोन-तीन परदेश दौरे होतात, टीम हरते, पोरं आपापल्या वाटेला लागतात आणि मग पुढच्या स्पर्धेला नवी पोरं, नवा कॅम्प, बऱ्याचदा नवा कोच, ये रे माझ्या मागल्या.

२०१७ चंच बघा. अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात होता, यजमान म्हणून आपल्याला डायरेक्ट एन्ट्री. जर्मनीचे निकोलाय ॲडम कोच होते, ते २०१७ च्या सुरुवातीला गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस आले, वर्ल्ड कपला उरले होते सातेक महिने. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. त्यातली कोलंबियाची मॅच मी जन्मात विसरणार नाही. दिल्लीत ०-१ ने मागे होतो आणि ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कॉर्नर घेतला, जीक्सन सिंगने उडी मारून असं हेडर घातलं की आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरचे काका बनियनवरच जिन्यात आले. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, रडली, बेंचवरचे सगळे धावत आले. मग सेंटर झाला आणि मिनिटभरात कोलंबियाच्या पेन्यालोसाने २-१ करून टाकलं. माझा ग्रुपवरचा मेसेज अजून टाइपच होत होता.

आता यात त्या पोरांची चूक काय? गोल मारल्यावर पुढची पाच मिनिटं डोकं थंड ठेवून मॅच कशी बांधून धरायची हे कॅम्पमध्ये फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. ते मॅच खेळून येतं. दहाव्या वर्षापासून शंभर वेळा असा गोल मारून आणि लगेच खाऊन झालेला असतो, घरी जाताना बापाची बोलणी खाल्लेली असतात, तेव्हा कुठे सतराव्या वर्षी पाय जमिनीवर राहतात. समोरच्या टीममधल्या पोरांनी ते केलेलं होतं, आपल्या पोरांना कॅम्पमध्ये फ्रेंडली मॅच मिळाल्या. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचून पास होता येतं, बोर्डात येता येत नाही, तसलं आहे हे.

आणि बाकीचे देश काही वेगळ्या मातीचे नाहीत. त्याच वर्ल्ड कपच्या काही मॅच फातोर्ड्याला होत्या, इराण-जर्मनीला मी स्टँडमध्ये होतो. इराणने जर्मनीला ४-० धुतलं! यूनेस डेल्फीचे दोन गोल, पहिला तर लोक अजून सीट शोधत होते तेव्हाच झाला. अख्खं स्टेडियम इराणचं झालं होतं त्या रात्री. आणि याच वयाच्या इराणी टीमने आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, आशियाई देशांच्या एएफसी अंडर-१६ स्पर्धेत गोव्यातच आपल्या पोरांना ३-० हरवलं होतं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून आपल्या टीमला नावं ठेवली होती. जर्मनीलापण त्यांनी चार घातल्यावर मग वाटलं की ३-० म्हणजे काही लाज जाण्यासारखं नव्हतं. स्कोअर बघून काहीच कळत नाही या वयात, समोर कोण होतं आणि ते किती खेळून आलेत हे बघावं लागतं.

आता आमच्याकडचं सांगतो, कारण लोकांना वाटतं गोवा म्हणजे गल्लोगल्ली फुटबॉल. आहेच. पण शाळेची तालुका स्पर्धा कशी असते माहितीय का? ऐन पावसाळ्यात. नॉकआउट. ग्राउंडच्या एका गोलसमोर घोट्याएवढं पाणी, तिथे बॉल टाकला की तो फप्प करून थांबतो, पास देणाराही फसतो आणि घेणाराही, म्हणून सर बाहेरून ओरडतात, "मार रे लांब! उगाच खेळत बसू नकोस!" मग सगळे लांब मारतात. ज्याची तंगडी मोठी तो हिरो. हरलेली शाळा त्या दिवशी घरी, म्हणजे त्या पोरांचं वर्षभराचं स्पर्धेचं फुटबॉल संपलं एका दुपारीत. माझा भाचा असाच एका पेनल्टीवर बाहेर पडला. बाकी वर्षभर काय तर पीटीचा तास आणि संध्याकाळी शेतात दोन चपला ठेवून गोल. ज्याच्या जवळ बऱ्यापैकी क्लबची ज्युनियर टीम आहे आणि घरी गाडीवरून नेऊन सोडणारं कुणी आहे त्याचं जमतं. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातल्या पोराचं काय, शेवटची बस चुकली तर प्रॅक्टिसहून घरी कसा जाणार तो.

आणि निवड करताना अजून एक गंमत. वयोगटाची तारीख १ जानेवारीपासून धरतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात, बारा-तेराव्या वर्षी या दोघांच्या अंगात केवढा फरक असतो ते कुठल्याही आईला विचारा. कोचला रविवारची मॅच जिंकायची असते म्हणून तो थोराड पोरगा घेतो, बारका पण डोकेबाज पोरगा बेंचवर बसून कंटाळतो आणि कॅरमकडे वळतो. जगभर होतं हे, फक्त जिथे लीग मोठी आहे तिथे बारक्यालापण कुठेतरी मॅच मिळते, मग उंची वाढली की तो वर येतो. आपल्याकडे तो हरवतोच. त्यात वय चोरणारे वेगळे. अंडर-१४ म्हणून आलेल्याला मिशी फुटलेली असते आणि त्याचे सर छाती पुढे काढून सर्टिफिकेट दाखवतात. देशाचं फुटबॉल फेडरेशन मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतं, पण ते वरच्या लेव्हलला, गावच्या स्पर्धेत कोण एक्स-रे काढतोय.

मग येते दहावी. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. अंडर-१७ चं वय म्हणजे नेमकी दहावी ते बारावी! ज्या दोन-तीन वर्षांत पोराने सगळ्यात जास्त खेळायला पाहिजे तेव्हाच आपण त्याचे बूट माळ्यावर टाकतो. भाच्याचं तेच झालं, क्लासची वेळ साडेपाच आणि प्रॅक्टिसपण साडेपाच, ताईने क्लासची फी आधीच भरली होती, विषय संपला. मी तिला दोष देत नाही, तिच्या जागी मीपण तेच केलं असतं, कारण पुढे काय हे दाखवायला कुणी नाही. आमच्या वेळी निदान धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग अशी गोव्यातल्या क्लबांची नावं समोर होती, गावातला एखादा तिथे खेळायला लागला तर त्याला नोकरीवाला म्हणूनच मान असायचा. २०१६ मध्ये या क्लबांनी आय-लीग, म्हणजे देशपातळीवरची लीग, सोडली. धेंपो नंतर परत आले, पण मधल्या वर्षांत जे पोरगे सोळा-सतराचे होते ते काय थांबून राहणार होते?

२०१७ च्या त्या भारतीय टीममध्ये गोव्याचा एकपण पोरगा नव्हता. एकवीस जणांत मणिपूरचे आठ, आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवपण होता, आणि आम्ही गोंयकार, जे चोवीस तास फुटबॉलच्या गप्पा मारतो, शून्य. पात्रांव, तेव्हा सगळ्यात जास्त शिव्या कोण देत होतं विचाराल तर आम्हीच.

वर्ल्ड कपनंतर एक चांगली गोष्ट झाली होती. इंडियन ॲरोज नावाची टीम फेडरेशनने परत सुरू केली, सगळी कोवळी पोरं, आणि त्यांना थेट आय-लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध उतरवलं. काही मॅच इथे गोव्यात व्हायच्या. जायचो आम्ही. हरायचे भरपूर, टेबलात खालीच असायचे, पण त्यांना रेलिगेशन, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकलणं, नव्हतं, खेळून शिका एवढंच काम. आणि शिकले की! जीक्सन, सुरेश वांगजम, अन्वर अली, आपुइया, ही सगळी त्याच २०१७ च्या बॅचची पोरं पुढे सीनियर टीममध्ये आली. ज्यांना नऊ गोल खाल्ले म्हणून हिणवलं तीच. तर एवढं चाललेलं असताना २०२२ मध्ये ती टीम बंद केली, म्हणाले तो पैसा यूथ लीगकडे वळवू. लीग पाहिजेच, पण लीगसाठी ॲरोज कशाला बंद करायला पाहिजे हे मला आजतागायत पटलेलं नाही. या एका निर्णयावर मी जेवढा चिडलोय तेवढा कुठल्याही स्कोअरवर चिडलेलो नाही.

मुलींचं तर त्याहून वाईट. २०२० चा अंडर-१७ महिला वर्ल्ड कप भारतात होणार होता, कोविडमुळे रद्द झाला आणि २०२२ चा आपल्याला मिळाला. ऐकायला ठीक वाटतं. पण २०२० साठी तयार केलेल्या पोरी तोपर्यंत वयाबाहेर गेल्या! सगळी बॅच गेली. नवीन मुली घेतल्या आणि भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. सेमीफायनल फातोर्ड्याला होत्या, आमच्या अंगणात, आणि आपली टीम केव्हाच घरी. नेटवर लोकांनी त्या पोरींना जे काय बोललंय ते वाचून लाज वाटली. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी रात्री मोबाईल उघडून ते वाचणार हे कळत नाही का कुणाला? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

तुम्ही म्हणाल सगळं रडगाणंच. नाही, जवळ पोचलो होतो ना आपण, म्हणूनच तर जीव तुटतो. २०१८ मध्ये मलेशियात एएफसी अंडर-१६ स्पर्धेला बिबियानो फर्नांडिस कोच होते, आमच्या गोव्याचेच, आपल्या टीमने व्हिएतनामला १-० हरवलं, इराण आणि इंडोनेशियाशी ०-०, ग्रुपमध्ये एकपण गोल खाल्ला नाही. क्वार्टर फायनलला दक्षिण कोरियाकडून ०-१. ती एक मॅच जिंकली असती तर यजमान नसतानाही वर्ल्ड कपला गेलो असतो. एक गोल! २०२३ ला थायलंडमध्ये अंडर-१७ एशियन कपला परत बिबियानोच, उझबेकिस्तानकडून फक्त ०-१, आणि जपानशी ४-८. त्या आठवर सगळे तुटून पडले, पण जपानला चार घातले ते कुणी बोललं नाही, आणि ती स्पर्धा जपाननेच जिंकली. उझबेकिस्तानचं बघा, तेच लोक २०२५ ला अंडर-१७ चे आशिया चॅम्पियन झाले, त्यांची सीनियर टीम २०२६ च्या वर्ल्ड कपला पात्र ठरली. आपल्याला एका गोलाने हरवणारा देश तिकडे आणि आपली सीनियर टीम ऑक्टोबर २०२५ मध्ये फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२ हरून एशियन कपच्या बाहेर. त्या रात्री पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.

तर चिडा, खुशाल चिडा, पण पोरांवर नको. वयोगटाची लीग वर्षात किती महिने चालते, एका पोराला त्यात किती मॅच मिळतात, हे विचारा. टीम हरल्यावर कोच हाकला म्हणून ओरडणं सोपं आहे, ते मीपण करतो दारू प्यायल्यावर, पण बिबियानोला परत आणला तर काय झालं ते दिसलंच की. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला पात्रता फेरीत लेबनॉनकडून हरलेली आपली अंडर-१७ टीम शेवटच्या मॅचला इराणसमोर उभी राहिली, जिंकल्याशिवाय पर्याय नव्हता, एक गोल आधी खाल्ला आणि २-१ ने जिंकून अंडर-१७ एशियन कपला गेली. त्याच सुमारास आपल्या अंडर-१७ मुलीपण उझबेकिस्तानला २-१ हरवून त्यांच्या एशियन कपला पात्र ठरल्या. शिवाय आता अंडर-१७ वर्ल्ड कप ४८ टीमचा आहे, आशियातल्या क्वार्टर फायनलपर्यंत पोचलं की तिकीट मिळतं, २०१८ ला हा नियम असता तर... जाऊ दे.

इराणची मॅच मी ऑफिसात चोरून मोबाईलवर बघितली असं लिहिणार होतो, पण तो रविवार होता, घरीच होतो, हातात भज्यांची प्लेट. फक्त एक विनंती, कुणी फेडरेशनमधलं वाचत असेल तर, त्या मॅचची लिंक एक दिवस आधी तरी टाकत जा हो. शोधेपर्यंत निम्मा हाफ निघून जातो.